ब्रेक कुणी दाबला

माझे धाकटे दीर लोकांना गाडी शिकवतात. सगळा भाग त्यांना मास्तर म्हणतो. अंगानं बारीक, खिशाला पेन, आणि पायात कायम सपाता. बूट का घालत नाही विचारलं तर म्हणतात, "बूट घातला की पाय बहिरा होतो, वहिनी."

आमच्या शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक आहे. शिकणाऱ्याचा पाय चुकला तर मास्तरांनी दाबायचा. नवीन माणसाला भावजी पहिल्या दिवशीच ते पायानं वाजवून दाखवतात. माणूस जरा सैल बसतो मग.

आमचे हे गेल्यापासून फोन आणि वेळा मी सांभाळते. ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, आणि कोपऱ्यात देवाची तसबीर. सकाळी गाडी बाहेर पडण्याआधी मी तिथे हात जोडते. भावजी जोडत नाहीत. "घरातल्या एकानं जोडले की झालं," म्हणतात.

शिकायला येणाऱ्यांना टोपणनावं द्यायची त्यांची जुनी खोड. श्वास रोखून गाडी चालवणारे एक साहेब होते, ते पाणबुडी. सारखा आरशात बघणारा तो नवरदेव. वळणावर गाडीबरोबर स्वतःही वाकणाऱ्या एक शिक्षिका होत्या, त्यांचं नाव वेल. नावं घरातल्या घरात. बाहेर सगळ्यांना अहो-जाहो.

पण त्यांची खरी ख्याती होती एका शब्दाची. "तयार." मास्तर तयार म्हणाले की परीक्षेत पास होणारच, असं लोक धरून चालायचे. मी एकदा विचारलं होतं, "शितावरून भाताची परीक्षा होते, भावजी. माणसाची कशी करता?"

"शेजारी बसून मला डुलकी यायला लागली की समजायचं, शिजला."

हे सगळं लोणीच्या आधीचं.

लोणी म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यांची एकुलती एक मुलगी. नुकतीच नोकरीला लागली होती. पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायलाही घाबरत होती, म्हणून वडील मागच्या सीटवर बसून गेले. पुढे पुढे गाडी अशी थांबवायला लागली की टपावर पाण्याचा पेला ठेवला तर हिंदकळू नये. भावजी घरी येऊन म्हणायचे, "काय पोरगी आहे! लोणी आहे लोणी." तेच नाव पडलं. तिच्या शेजारी त्यांना डुलकी फार लवकर आली. परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाली.

आणि पुढच्याच महिन्यात, भरदुपारी, डेपोच्या उतारावर उभ्या असलेल्या ट्रकवर तिची गाडी मागून गेली. ती जागच्या जागी गेली.

भावजींना कुणी बोल लावला नाही. कसा लावणार? परीक्षा घेणाऱ्यांनी पास केलं होतं. पण पंचनाम्याला गेलेल्यांपैकी एक जण आमच्या ऑफिसात बसून सहज बोलून गेला, "ब्रेकच मारला नाही हो तिनं. रस्त्यावर टायरची एक काळी रेघ नाही." भावजी तेव्हा खुर्चीवर होते. तो माणूस गेला तरी ते तसेच बसून राहिले.

त्या दिवसापासून त्यांचा पाय काही स्वस्थ बसला नाही. जेवायला बसले की टेबलाखाली पाय जमिनीत रुतवायचे. बसमध्ये तर एका तरुणानं मागे वळून विचारलं, "काका, लाथा मारायला माझीच सीट सापडली का?" माझ्या जावेनं शेवटी पलंगाच्या पायथ्याशी गादीची गुंडाळी बांधली, कारण झोपेत पाय आपटून त्यांच्या टाचा काळ्यानिळ्या व्हायच्या. ती चेष्टेत म्हणायची, "माझा नवरा झोपेतसुद्धा गाडी थांबवतो." चेष्टा केली नसती तर बिचारी रडली असती.

डेपोचा उतार त्यांनी सोडून दिला. लांबचा वळसा घ्यायचे. एरवी कुणाची गाडी मऊ थांबली की कुठलाही मास्तर खूश होतो. आता गाडी मऊ थांबली की यांचा चेहरा उतरायचा. एकदा मी चहा घेऊन बाहेर गेले, तर ते गाडीची काच पुसत होते. पुसता पुसता स्टिअरिंगमागच्या सीटकडे बघून म्हणाले, "हो, माझं लक्ष आहे. तू समोर बघ." गाडी बंद होती. आत कुणी नव्हतं. मी कप बोनेटवर ठेवला आणि आत आले.

आणि "तयार" हा शब्द त्यांच्या तोंडातून गेलाच. शिकवायचे अगदी मन लावून, पण परीक्षेचं नाव काढलं की "अजून नाही." लोक वैतागून दुसरीकडे जायचे आणि पास होऊन पेढ्यांऐवजी टोमणे घेऊन यायचे.

अशातच बालवाडीतल्या बाई आल्या. लहान मुलांना सांभाळायचं काम करायच्या. घरात मिळवत्या त्या एकट्याच, पदरात दोन पोरं. बालवाडीच्या व्हॅनचे म्हातारे ड्रायव्हर काम सोडणार होते. मोठ्या बाई यांना म्हणाल्या होत्या, सुट्टी संपून बालवाडी उघडायच्या आत लायसन्स आण, व्हॅन तुझी. नाही आणलंस तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.

पहिल्या दिवशी गाडी अशी काही उडाली की भावजींच्या खिशातलं पेन मागच्या सीटवर जाऊन पडलं. त्याच संध्याकाळी नाव ठरलं, गचकाबाई.

बाई शिकत गेल्या. चढावर गाडी मागे जाऊ देईनात, अरुंद गल्लीतून रिव्हर्स काढू लागल्या. गचके मात्र राहिले. थांबायची वेळ आली की गाडी मान टाकल्यासारखी पुढे झुकायची.

"मास्तर, मी कधी व्हायची तयार?" त्यांनी ऑफिसच्या दारातच विचारलं. मी टेबलाशी होते.

"अजून नाही."

"एवढ्या दिवसांत पोरगी बघून उजवून होते हो!"

"गचके बसतात तुमचे."

"बसतात तर बसतात. गाडी थांबते ना?"

"मागे लहान मुलं बसणार आहेत, बाई."

"मग? थांबलेल्या गाडीतच बसलेली बरी ती."

भावजी आत गेले. बाई माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. दमलेल्या दिसत होत्या.

"वहिनी, तुम्ही सांगा त्यांना. बालवाडी उघडायला आली."

"दुसऱ्या क्लासकडून परीक्षा द्या की," मी म्हटलं. "खरं सांगते, बरेच जण देतात."

"देईन आणि पासही होईन. पण मास्तर नाही म्हणत असताना मी ती व्हॅन कोणत्या तोंडानं चालवू? एकेक पोर एवढं एवढं असतं हो. पास झाले तरी मला माझंच खरं वाटायचं नाही."

त्या गेल्यावर मी चहा केला आणि भावजींच्या पुढ्यात ठेवून समोरच बसले. आमच्यात चेष्टामस्करी चालते, पण असं समोर बसून विचारायची वेळ कधी आली नव्हती.

"त्या बाईचं नेमकं काय चुकतं?"

"काही नाही."

"मग अडवलंय कशाला?"

"लोणीचं तरी काय चुकत होतं?"

एवढ्या काळात ते नाव घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. भावजींनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"शिकणारा माणूस ब्रेकला उशीर करतो, वहिनी. मग मी दाबतो. गाडी थांबली की तो घाबरून विचारतो, मास्तर, तुम्ही दाबलात ना? सगळे विचारतात. आणि मी काय म्हणायचो माहीत आहे? छे, मी कुठे? तूच दाबलास. मला शिकवणारेही हेच म्हणायचे. त्यानं माणसाला धीर येतो."

"यात वाईट काय? धीर द्यायलाच नको?"

"आधी आधी मला ठाऊक असायचं, आपण खोटं बोलतोय. मग सवय झाली. पाय आपोआप जायचा, तोंड आपोआप बोलायचं. शेवटी मलाच कळेना, खरं कुणी दाबला. लोणी विचारायची, मी म्हणायचो तूच. ती हसायची. मला वाटायचं, झाली पोरगी तयार." त्यांनी कप बाजूला सारला. "ती गाडी तिच्या पायानं थांबत होती, की माझ्या? रेघ नव्हती रस्त्यावर. मला रोज वाटतं, ती वाट बघत बसली असेल. ट्रक जवळ येतोय, आणि ही वाट बघतेय, नेहमीसारखी गाडी आता थांबेल म्हणून."

मी "देवाला ठाऊक," एवढंच बोलले.

"देवाला ठाऊक असून मला काय उपयोग?"

असं ते कधी बोलत नाहीत. मला दुखलं, आणि दुखलं म्हणून मी जरा तडकून म्हणाले, "मग तिचं नाही कळणार, पण या बाईचं तरी बघा! तुमचा पाय बाजूला ठेवा आणि बघा कोण थांबवतं ते."

"राहत नाही तो बाजूला. एकदा रुमालानं सीटच्या दांडीला बांधून बसलो होतो. रुमाल फाटला."

दुसऱ्या दिवशी भावजी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले. जाताना मला म्हणाले, "तुम्हीही चला, नाहीतर मी वाटेतून परत येईन."

मिस्त्री गाडीखाली होता. त्याचे नुसते पाय दिसत होते.

"माझ्या बाजूच्या ब्रेकची दांडी सोडून ठेव," भावजी म्हणाले.

मिस्त्री घसरत बाहेर आला. "बसवायची म्हणताय ना?"

"सोडायची. एका फेरीपुरती. पेडल राहू दे. दाबलं तर नुसतं खाली जाऊ दे."

"मास्तर, डोकं ठिकाणावर आहे ना? वहिनी, यांना काही झालंय का?"

"झालंय," मी म्हटलं. "पण आजचं नाही. तू सोड."

"हँडब्रेक असतो माझ्या हाताशी," भावजी म्हणाले. ते त्याला सांगत होते की स्वतःला, देव जाणे.

बाईंना काहीच सांगितलं नाही. ते बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. सांगितलं असतं तर त्या जपून चालवणार, आणि जपून चालवलेल्या गाडीवरून काही कळत नाही, असं भावजींचं म्हणणं. मी मागे बसले. भावजी हळूच म्हणाले, "माझा हात हँडब्रेकवर गेला नाही तर ओरडा. लाजू नका."

"वहिनी आज कशा काय?" बाईंनी आरशातून विचारलं.

"हवा खायला," मी म्हटलं. हवा कसली, मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. तसबिरीपुढे जोडलेले हात मांडीवर तसेच जोडलेले होते.

बाजार झाला, चौक झाला. बाई गिअर बदलताना ओठ चावायच्या. डेपोपाशी आल्यावर भावजी म्हणाले, "सरळ घ्या."

"रोज वळतो ना आपण?"

"आज सरळ."

उतार तसा साधाच आहे. दोन्ही बाजूंना गोदामं, मध्ये रस्ता. भावजींची मान ताठ झाली. ते रस्त्याच्या एकाच जागेकडे बघत होते. तिथे काही नव्हतं. पुढे एक टेम्पो उभा होता, मागचं फळकूट उघडं. आम्ही त्याच्याजवळ पोचलो आणि टेम्पोच्या आडून एक हमाल उलट्या पावली थेट रस्त्यात आला. हातात कपाटाचं एक टोक, पाठ आमच्याकडे.

भावजींचा पाय खाड्कन खाली गेला. पेडल जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला, पोकळ डब्यासारखा. त्यांचा हात मांडीवरच होता. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत गाडी एक जोरदार गचका खाऊन उभी राहिली आणि बंद पडली. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

हमालानं खांद्यावरून वळून बघितलं. "ओ ताई, जरा दमानं! कपाट नवीन आहे!" आणि पुन्हा उलटा चालू लागला.

बाईंनी हँडब्रेक ओढला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"मास्तर, तुम्ही दाबलात ना?"

मला वाटलं, आता ते जुनं वाक्य येईल.

"नाही," ते म्हणाले. "माझा ब्रेक आज सोडलेला आहे."

"उगाच धीर नका देऊ. मला आवाज आला तुमच्या पायाचा."

"हातानं दाबून बघा."

बाई वाकल्या. त्यांनी तळव्यानं पेडल दाबलं, ते खुळ्यासारखं खाली गेलं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग सावकाश सरळ झाल्या आणि मास्तरांकडे असं काही बघितलं की मलाच मागे सरकावंसं वाटलं.

"दोन पोरं आहेत मला घरी."

"हो."

"हो काय? त्या माणसालाही असतील! त्याच्या अंगावर गेले असते म्हणजे? तुम्हाला विचारायला कोण आलं असतं? मला धरून नेलं असतं!" त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "आणि वहिनी, तुम्हाला माहीत होतं. हवा खायला आलात!"

मी मान खाली घातली. त्या उतरल्या, दार आपटलं, टेम्पोला वळसा घालून गोदामाच्या पायरीवर जाऊन बसल्या. हमालानं त्यांना पाणी दिलं. त्या थोडं प्यायल्या, थोडं तोंडावर मारलं.

भावजी पुढेच बघत होते. "गचका या बाईच्या पायाचा होता, वहिनी. रोजचा. माझा पाय पोचायच्या आधी तिचा गेलेला असायचा. म्हणून गाडी झुकायची." मग म्हणाले, "लोणीच्या गाडीला कधी एकही बसला नाही."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिथे असल्याचं त्यांना कळलं की नाही, सांगता येत नाही.

बाई परत आल्या, सीटवर बसल्या, आरसा नीट केला. "परीक्षेची तारीख घ्या. आणि घरापर्यंत मीच चालवणार. तुम्ही दोघंही बोलू नका माझ्याशी."

"तुम्ही तयार आहात," भावजी म्हणाले.

"ते मला आता कळलं."

परीक्षेत त्या पास झाल्या. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "ब्रेक जरा जोरात मारता." बाई म्हणाल्या, "मारते." बालवाडी उघडली, व्हॅन त्यांना मिळाली. आमच्यावरचा राग पुरता गेला नाही, आणि का जावा? पण सकाळी घरावरून जाताना एकदा हॉर्न वाजवतात. मागे बसलेली पोरं काचेला नाक लावून आमच्याकडे बघत असतात.

मला वाटलं होतं, आता भावजी सुटले. मिस्त्रीनं दांडी पुन्हा जोडली. ते कधीमधी कुणाला "तयार" म्हणायलाही लागले. पण जेवताना पाय टेबलाखाली तसाच रुतलेला. उलट आता ते जास्त गप्प झाले. आधी निदान शंका होती. शंकेला धरून माणूस उभा राहू शकतो.

एका सकाळी दोन शर्ट हातावर टाकून ते माझ्यापाशी आले. "वहिनी, इस्त्रीला टाकायचेत. चला माझ्याबरोबर."

मी समजले. लोणी गेल्यापासून आमचे कपडे घरीच इस्त्री होत होते. त्या गल्लीत आमच्यापैकी कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

"काय सांगणार आहात त्यांना?"

"खरं ते. त्यांना कळायला हवं. बापाला माहीत नको, पोरगी का गेली ते?"

इस्त्रीवाले चादर पसरून त्यावर पाणी शिंपडत होते. आम्हाला बघून त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि बाकावरचे कपडे बाजूला सारले. "या मास्तर. या ताई. किती दिवसांनी!" पूर्वीपेक्षा फार वाळले होते. आवाज मात्र तसाच, मृदू.

भावजी बसले नाहीत. "मला तुमच्याशी बोलायचं होतं. पोरीबद्दल."

"मलाही," ते म्हणाले. "कधीपासून येईन म्हणत होतो. पण म्हटलं, मास्तरांना उगाच त्रास." त्यांनी भावजींच्या हातातले शर्ट घेतले आणि त्यातला एक चादरीवर पसरला. हात कामात असले की त्यांना बोलता येत असावं. "आमची पोरगी किती भित्री होती, तुम्ही बघितलंच. मोठी झाली तरी जिना उतरताना आईचा हात धरायची. पण तुमच्याकडून यायची ना, ती उड्या मारत. बाबा, आज म्हातारा आडवा आला आणि मीच ब्रेक दाबला! बाबा, आज सायकलवाला! मी म्हणायचो, मास्तरांनी दाबला असेल गं. तर म्हणायची, मी विचारलं त्यांना. ते म्हणाले, तूच दाबलास."

भावजींनी बाकाची कड धरली.

"तिच्या आयुष्यात तिला असं कुणी म्हटलं नव्हतं, मास्तर. आम्हीसुद्धा नाही. आम्ही नुसतं जपलं. ते दोन-चार महिने ती कशाला म्हणून घाबरली नाही. तिची आई अजून मला म्हणते, पोरगी गेली, पण जाताना भित्री नव्हती." त्यांनी कॉलर दाबून घेतली. वाफ वर आली. "तेवढ्यासाठी तुमचे आभार मानायचे राहिले होते. तुम्ही काय सांगणार होतात?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी शर्टाकडे बघत राहिले. मनात देवाला विचारलं, यांनी आता काय बोलावं. देवही बोलला नाही.

"हेच," भावजी म्हणाले. "हुशार होती."

"होती ना?"

"हो."

त्यांनी दोन्ही शर्ट तिथल्या तिथे करून दिले, घडी घालून, दोन्ही हातांनी. भावजींनी ते ऊन ऊन शर्ट छातीशी धरले आणि आम्ही निघालो.

गल्लीच्या तोंडाशी रस्ता ओलांडायचा होता. भावजी कडेला थांबले. मीही थांबले. एक सायकल गेली, मग रस्ता दोन्ही बाजूंनी लांबवर मोकळा झाला.

"चला भावजी. कुणी येत नाहीये."

"हो," ते म्हणाले, आणि पाय जमिनीत रुतवून उभेच राहिले.